बिब्ब्याचे ठिपके आणि इंग्लंडची राणी

आमच्या घरात सांगितलेलं काम सांगितल्याइतकंच कधी झालं नाही. ते वाढायचं. आईला म्हणावं, डब्यात नुसती भाकरी-चटणी दे, तर डब्यातून धपाटे निघायचे आणि दह्याची वाटी दप्तरात सांडलेली असायची. बाबांना सायकलची चेन तेवढी बसवायला सांगावी, तर संध्याकाळी अंगणात अख्खी सायकल सुटी होऊन पडलेली असायची आणि बाबा म्हणायचे, "उघडलीच हाय तर बघून घेतो की." बाबा अहमदपूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. उघडून बघणं हा त्यांचा धर्म. तिसरी पारूआत्या, बाबांची थोरली बहीण. नायगावहून ती चार दिवसांसाठी म्हणून यायची आणि सगळा हिवाळा राहायची, कारण वस्तीतल्या अर्ध्या घरांच्या वाकळा तिच्याकडे शिवायला यायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि हातानं बारीक टाके मारत जायचे. आत्या टाके मारायला बसली की तिचं तोंडही त्याच लयीत चालायचं, आणि दुपारभर त्या आवाजात मी अभ्यास करायचे.

अशा घरात मी यादी करणारी. हे कुठून आलं, मला ठाऊक नाही. कॅलेंडरचं पान उलटलं की मागच्या कोऱ्या बाजूवर माझी कामं लिहिलेली असायची आणि झालेल्या कामावर सरळ रेघ. आजही फ्रिजवर यादी नसेल तर मला सकाळी चहा गोड लागत नाही. घरातल्यांना त्याची मोठी गंमत वाटे. "सुनीच्या यादीत मी हाय का गं?" आत्या विचारायची. "किती वाजता बोलायचं आन किती वाजता गप ऱ्हायचं, लिव्हून ठिव."

नववीत असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी गॅदरिंगसाठी एक छोटं नाटक स्वतः लिहिलं. मध्ययुगातली इंग्लंडची राणी, राजा लढाईवर गेलेला, आणि दरबारात चिडलेले सरदार. राणी एकटी उभी राहून सगळ्यांना नमवते. सबंध नाटक इंग्रजीत. आमची शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे जिची जीभ इंग्रजीत कमी अडखळते तिला राणी, असा साधा हिशेब बाईंनी केला आणि राणी माझ्याकडे आली. तोपर्यंतच्या गॅदरिंगमध्ये मी काय काय झाले होते ते सांगते, म्हणजे कळेल: झाड, पाणी आणणारी बाई, पुन्हा झाड. आमच्या वस्तीच्या पोरी समूहनृत्यात असायच्या आणि समूहनृत्यात मागच्या रांगेत असायच्या. कुणी तसं मुद्दाम केलं असं म्हणता यायचं नाही आणि कुणी तसं मोडलंही नाही. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा हात पुसायचं फडकं तसंच हातात धरून उभे राहिले. "राणी? म्हणजे मेन?" ते म्हणाले. मी म्हटलं, मेन. दुसऱ्या दिवशी अख्ख्या डेपोला माहीत झालं होतं.

पण बाईंची अट होती. पोशाख ज्याचा त्यानं करायचा आणि गॅदरिंगच्या दोन दिवस आधी, गुरुवारच्या तालमीला घालून दाखवायचा. राणी राणीसारखी दिसली नाही तर राणी बदलेल. बदली तयारच होती. स्मिता, माझ्या शेजारच्या बाकावरची, बाजारपेठेत मोठं घर असलेली. तिनं सगळे संवाद पाठ केले होते. वाईट मुलगी नव्हती, हेच जास्त त्रासाचं होतं. "तुझं नाही जमलं तर सांग हं," ती खरोखर काळजीनं म्हणायची, आणि मला दिवसभर तेच ऐकू यायचं.

बाईंनी ग्रंथालयातलं एक जाड पुस्तक गॅदरिंगपर्यंत दिलं. त्यात राणीचं एकच चित्र होतं. मी त्यावरून यादी केली: लाल घोळदार झगा, लांब बाह्या, पाठीवर लोळणारा शेला, शेल्याला पांढऱ्या केसाळ कातड्याची पट्टी आणि त्या पट्टीवर काळे ठिपके, डोक्यावर मुकुट. चित्रातल्या राणीनं हनुवटीखालून गळ्याभोवती एक पांढरं फडकंही घट्ट गुंडाळलं होतं. आत्यानं पुस्तक हातात घेऊन लांब धरलं.

"हिला काय झालंय गं? गालगुंड?"

"आत्या, ती राणी आहे."

"राणीला गालगुंड होत न्हाई का? बग की, जबडा कसा आवळून बांधलाय. मीठ शेकून बांधलं आसल."

मला ते फडकं तसंही कुरूप वाटत होतं. मी ते यादीत घेतलं नाही.

पहिला प्रयत्न म्हणून बाबा रजा टाकून मला नांदेडला घेऊन गेले. नाटका-सोंगांचे कपडे भाड्यानं देणारं एक दुकान त्यांच्या ओळखीचं होतं. मालक गादीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "इंग्रज पाहिजे? हाय ना." आणि त्यानं खाकी कोट आणि टोप्या काढल्या. मी म्हटलं, राणी पाहिजे. त्यानं नऊवारी काढली. मी म्हटलं, इंग्रजांची राणी, सातशे-आठशे वर्षांपूर्वीची. तो जरा विचारात पडला.

"त्या टायमाला इंग्रज होते का पण?"

"होते की मालक," बाबा शांतपणे म्हणाले, "त्यांच्या घरी होते."

दुकानात कामाची एकही वस्तू नव्हती. परत येताना बाबांनी स्टँडवर अर्धापूरच्या केळ्यांचा मोठा घड घेतला, कारण एवढं लांब येऊन रिकाम्या हातानं कामून जायचं. एसटीत तो घड माझ्या मांडीवर होता. यादीतली एकही ओळ खोडली गेली नव्हती आणि आठवडाभर घरात केळी होती.

मग घरीच करायचं ठरलं, आणि इथून माझी खरी बेजारी सुरू झाली. आईनं तिची लाल जरीची साडी काढली. रंग नेमका चित्रातला. मी खडूनं खुणा करायला बसले तर आईनं साडीवर हात ठेवला. "कापायची न्हाई." मी समजावलं की झगा कापल्याशिवाय होत नाही. आई म्हणाली, "एका दिसाच्या नाटकासाठी धडकं कापड फाडणारं घर न्हाई हे. दुमड, टाचून घे, काय बी कर. कात्री लावायची न्हाई." हा तिचा नियम होता, आणि तिच्या आईचाही. कापड आपणहून फाटेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि फाटलं की त्याची वाकळ. तेव्हा न कापलेल्या साडीचा झगा झाला. आत एवढ्या दुमडी होत्या की मी बसले तर राणी फुगायची आणि उभी राहिले तर एका बाजूला कलायची. बाह्यांसाठी परकर उलटे लावले. आई दोन पावलं मागं जाऊन म्हणाली, "लई चांगलं दिसून राहिलं." मी आरशात पाहिलं आणि मान हलवली, कारण गुरुवार जवळ येत होता.

मुकुट बाबांकडे होता. मी पुठ्ठ्याचा आणि सोनेरी कागदाचा सांगितला होता, तसं चित्रही काढून दिलं होतं. बाबांनी तुपाचा पत्र्याचा डबा कापला. कडा घासल्या, वळवल्या, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, माणकांच्या जागी छोटे नट बसवले आणि मागच्या बाजूला एक बोल्ट ठेवला. "घट्ट-सैल करता येतंय," ते म्हणाले. सगळ्यावर फाटकाला लावतात तो चंदेरी रंग. मी डोक्यावर घेतला तेव्हा मान खाली गेली आणि रबराच्या वासानं डोकं उठलं. "बाबा, पुठ्ठ्याचा का नाही केला?" मी जवळजवळ रडत विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "पुठ्ठा मोडला आसता, बाळा. ह्यो गाडीखाली आला तरी मोडत न्हाई." राणी गाडीखाली येणार नव्हती, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

आणि शेला. तो आत्यानं मागून घेतला. मला पातळ, लोळणारा पाहिजे होता. आत्याला पातळ गोष्ट शिवताच येत नसे. तिनं खाली दोन थर घातले, वर एक जुनं जांभळं लुगडं, आणि टाके मारत सुटली. दोन दिवसांत माझ्या पाठीवर वाकळ आली, अंथरायची तीच. केसाळ पट्टीसाठी तिनं सरकी काढलेला कापूस पिंजून मलमलीत टाचला आणि गळ्याशी बांधायची उंच, सुटी कॉलर केली. एवढी एकच गोष्ट अशी होती की तिच्यावर मला बोट ठेवता येईना. चित्रातल्यासारखीच पांढरी, मऊ, फुगीर. आता फक्त काळे ठिपके राहिले होते. माझ्या यादीत त्यापुढं लिहिलं होतं: शाई.

"शाई पसरंल," आत्या म्हणाली. "घाम आला की समदं निळं. काजळाचं बी तसंच."

तिनं तिच्या पिशवीतून बिब्बे काढले. धोबी कपड्यावर खूण करायला वापरतात ते काळं, चिवट फळ. त्याचा डाग कापड विरलं तरी जात नाही. वाकळ ज्या घरची त्या घरची खूण आत्या कोपऱ्यात बिब्ब्यानंच घालायची. तिनं बिब्बा सुईवर धरून दिव्यावर तापवला, तेल सुटलं, त्यात बोटभर चुना, आणि काडीच्या टोकानं एकसारखे ठिपके उठवत गेली. घरात कडवट, जळका वास भरला. ठिपके सुंदर उठले होते. मी यादीवर रेघ मारली.

गुरुवारी तालमीत मी सगळं घालून उभी राहिले. वर्ग पश्चिमेच्या उन्हाचा, पाठीवर वाकळ, डोक्यावर डबा. घामाच्या धारा लागल्या. बाई माझ्याभोवती एक फेरी फिरल्या. झगा आणि मुकुट त्यांनी सोसला. कॉलरपाशी थांबून त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं? हे अगदी पुस्तकातलं आहे," त्या म्हणाल्या. स्मितानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी जाताना मी वाकळ खांद्यावर टाकून बाजारातून मुद्दाम मधल्या रस्त्यानं गेले.

शुक्रवारी सकाळी मला मान वळवता येईना. हनुवटीपासून कानापर्यंत लाल सूज, गळ्याभोवती पाणी भरलेले फोड, आणि आग अशी की पाण्याचा थेंब सहन होत नव्हता. आई किंचाळली. आत्या वाकून पाहत म्हणाली, "उतला गं माय. बिब्बा उतला." बिब्ब्याचं तसंच असतं. कुणाच्या अंगाला तो काही करत नाही, कुणाला नुसता वास लागला तरी उततो. आत्यानं जन्मभर हातांनी फोडला होता आणि तिला कधी काही झालं नव्हतं. आपल्याच रक्ताच्या पोरीला तो उतेल हे तिच्या स्वप्नात नव्हतं. बाबांनी दवाखान्यात नेलं, गोळ्या-मलम आणलं. आत्यानं तीळ आणि सुकं खोबरं पाट्यावर वाटलं आणि माझ्या गळ्यावर थापलं. तिचा हात एवढा हलका मी कधी पाहिला नव्हता, आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. "आता झालं तुमचं समाधान?" मी म्हटलं. "मी शाई लिहिली होती. शाई! पुठ्ठा लिहिला होता, पातळ शेला लिहिला होता. एक तरी गोष्ट लिहिल्यासारखी केली का कुणी?" आत्या पाटा धुवायला मोरीत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दुपारी वाकळांचे टाकेही पडले नाहीत, आणि घर इतकं शांत होतं की मला वाचता येईना.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला. माझी तब्येत कळली, वाईट वाटलं, उद्या स्मिता काम करेल, तेवढा पोशाख पाठवून द्यावा. कॉलरसुद्धा. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला बाबांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि पोशाख काही दिला नाही. "सकाळी आणून देतो," म्हणाले.

मी ते पुस्तक घेऊन बसले होते. परत करायच्या यादीत होतं ते. उघडलं, तर राणी समोर. हनुवटी, गळा, कान, जिथं जिथं मला फोड होते, तिथं तिथं तिचं पांढरं फडकं. मी चित्र आईपुढं धरलं. आईनं चित्र पाहिलं, मला पाहिलं. मग तिनं पेटी उघडली आणि तिची पांढरी साडी काढली. विहारात वंदनेला आणि जयंतीला नेसायची ती. लग्नातही तीच नेसली होती. मला वाटलं, ती आता घड्या घालून टाचत बसणार. आईनं पदराचं टोक दातात धरलं, आणि काठ सोडून, उभी पट्टी टर्रकन फाडली. मी "आई" म्हणाले तर तिनं नुसतं "मान वर कर" एवढंच म्हटलं.

शनिवारी सकाळी बाई पुस्तक आणि माझा चेहरा शेजारी शेजारी धरून उभ्या राहिल्या. कॉलर मी आणली नव्हती. गळ्याभोवती आईची पट्टी, आतून तीळ-खोबऱ्याचा लेप. "हे आधी का नव्हतं केलं?" बाईंनी एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे." स्मितानं एक क्षण खाली पाहिलं, आणि मग माझ्या पाठीवरची वाकळ सारखी केली.

संध्याकाळी पट्टीमुळं मुकुट बसेना. बाबांनी खिशातून पाना काढला आणि पडद्यामागं, सगळ्या सरदारांच्या देखत, राणीचा बोल्ट सैल केला. पडदा उघडला. समोर शाळेचं मैदान, पुढं पाहुणे आणि परीक्षक, मागं गाव. मी मधोमध जाऊन उभी राहिले. क्षणभर सगळं बरोबर होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, राणीला गालगुंड झालंय!"

मैदान हसलं. पोरं हसली, बाया हसल्या, माझे सरदार खाली माना घालून हसले. माझं पहिलंच वाक्य दरबाराला गप्प करायचं होतं. मी म्हटलं, "सायलेन्स!" पट्टीनं जबडा आवळलेला, आवाज नाकातून निघाला. हसू वाढलं. गळ्याची आग, कपाळावर पत्रा, खाली घसरणारी दुमड, पाठीवर वाकळ, आणि गालगुंड. तेच गालगुंड. मला एकाएकी सगळ्यांचाच इतका राग आला की मी मुकुटासकट पुढं आले, पट्टी बोटानं खाली ओढली आणि ओरडले, "गप बसा की! इथं मी बोलून राहिले ना!"

मैदान गप झालं. पुढचे पाहुणेही गप झाले. एका पोराच्या हातातली शेंग तोंडाशी तशीच राहिली. त्या शांततेत मी उरलेलं सगळं नाटक इंग्रजीत केलं, एकदाही न अडखळता, आणि सरदार खरोखर घाबरून गुडघे टेकत होते.

बक्षीस मिळालं नाही. इंग्रजी नाटकात मराठी वाक्य, तेही असलं, म्हणून परीक्षकांनी गुण कापले, आणि बाई पुढं कितीतरी दिवस माझ्याशी मोजकं बोलत होत्या. पण हा सगळा नंतरचा ताप. त्या रात्री मैदानाबाहेर आई, बाबा, आत्या उभे होते. कालपासून मी आत्याशी बोलले नव्हते. तिनं जवळ येऊन पट्टीची गाठ सोडली, लेप कुठं सरकला ते पाहिलं, आणि म्हणाली, "ते इंग्रजीतलं काय मला कळलं न्हाई. पर गप बसा म्हणली ना, तवा वाटलं, हां, ही राणी हाय." मी चिडून म्हटलं, "आत्या, ते नाटकात नव्हतंच!" ती म्हणाली, "मग नाटकवाल्याची चूक झाली." बाबा आधी हसले. मग मीही, फोड ताणले जाऊन कळ येईपर्यंत.

पुढं आत्या पाहुण्यांत, लग्नांत, वाकळा शिवता शिवता हे नाटक सांगत राहिली. तिच्या सांगण्यात राणी येते, गप बसा म्हणते, आणि नाटक संपतं. मी पाठ केलेली पानंच्या पानं त्यात नाहीत. मी दरवेळी दुरुस्त करायचे आणि दरवेळी ती म्हणायची, "हाव, हाव, तसंच." कॉलर तिनं उसवली नाही. ती एका वाकळेत, आत कुठंतरी, अंगाला लागणार नाही अशा थरात घातली. ती वाकळ आज नांदेडला माझ्या घरी आहे. माझ्या गळ्यावर डाव्या बाजूला अजून काळसर खुणा आहेत. फोटोत दिसतात.

माझी लेक लातूरला असते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा तिच्या मुलीच्या, रेवाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. लेकीनं राणीचा पोशाख मोबाइलवरून मागवला आणि तो पाकिटातून आला: झगा, मुकुट, छापील ठिपक्यांची कॉलर, सगळं यादीप्रमाणं, काही कमी नाही, काही जास्त नाही. मी एकेक वस्तू तपासली. इतक्या वर्षांनी कुणीतरी लिहिल्यासारखं केलं होतं आणि मला त्यात बघण्यासारखं काही सापडेना.

"आजी, राणी काय बोलते?" रेवानं विचारलं.

मी उठून उभी राहिले आणि तिला ते सगळे इंग्रजी संवाद म्हणून दाखवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला अजून सगळे येतात. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं मान हलवली.

"असं नाहीये ते, आजी. आईनं सांगितलंय मला."

आणि कंबरेवर हात ठेवून, मुकुट एका कानावर कललेला, ती जोरात म्हणाली, "गप बसा की!"

खोलीत सगळे गप बसले. मीसुद्धा.